मेणवलीचा वाडा आणि बारा मोटांची विहीर

शनिवारी सकाळी अण्णांना घेऊन वाईला निघाले. अण्णा ७९ वर्षांचे. गुडघे कुरकुरतात, पण जुना वाडा म्हटलं की आधी त्यांच्याच पायात चपला.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. सहा चौकांचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पाऊल टाकलं तर तळव्यांना गारवा. माडीवरच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत. रंग विटलेत, रेघ मात्र अजून ठसठशीत. त्याच भिंतीवर कुणीकुणी खिळ्यानं आपली नावं कोरून ठेवलीत. बघून पोटात तुटलं.

नाना १८०० साली पुण्यात वारले, तेव्हा त्यांची पत्नी जिऊबाई अगदी पोरवयाची होती. पुढे ती इथे राहिली. मागच्या अंगाला कृष्णेवर उतरणारा घाट आहे, अर्धचंद्राच्या आकाराचा. पायऱ्यांवर बसले आणि तिचाच विचार येत राहिला. एवढ्याशा पोरीनं एवढा मोठा वाडा कसा सांभाळला असेल?

घाटावरच्या देवळाजवळ पोर्तुगिजांची भलीमोठी घंटा आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली. अण्णांनी तिच्यावर नुसता हात ठेवला, वाजवली नाही.

रात्री वाईलाच मुक्काम केला. रविवारी साताऱ्याजवळच्या लिंबला गेलो, आणि खरं सांगायचं तर मला हीच जागा जास्त भावली.

शिलालेखाप्रमाणे इथली विहीर शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४ च्या सुमारास, श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी बांधली. आमराईला पाणी द्यायला. ३३०० झाडं होती म्हणतात. वरून बघितलं तर शिवलिंगाचा आकार. जिना उतरून आत गेलं की चक्क महाल लागतो, कोरीव खांबांचा. खाली हिरवं पाणी, वर खलबतांची जागा. भर उन्हाळ्यात कारभार करायला याहून चांगली बैठक कुठली असणार!

वर आल्यावर मोटांच्या जागेपाशी अण्णा थबकले. मोट म्हणजे बैल लावून विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. लहानपणी त्यांनी आजोबांबरोबर ती हाकली आहे. म्हणाले, "हे बघ, इथनं मोट वर यायची. नाडा, म्हणजे जाड दोर, तोंडाला; सोंदूर, म्हणजे बारीक दोर, खालच्या सोंडेला. बैल धावेच्या उतारावरनं उतरले की मोट वर, आणि सोंड थारोळ्यात, या कुंडीत, रिकामी. मग बैल मागं सरत परत वर."

"आणि तुम्ही?"

"मी नाड्यावर बसायचो. उतरताना तेवढाच बैलांना आधार."

एका मोटेचा एवढा खटाटोप, आणि इथे बारा! बारा बैलजोड्या, बारा मोटकरी, बारा थारोळ्यांतून एका वेळी पडणारं पाणी. तो आवाज कसा असेल, याचाच विचार करत मी उभी राहिले. अण्णा तेवढ्यात दगडी काठावर टेकले होते आणि मोटेवरचं कुठलंसं गाणं गुणगुणत होते. शब्द अर्धेच आठवत होते त्यांना. मी फोन काढून ते अर्धं गाणं रेकॉर्ड करून घेतलं.