नाना थांबले तेव्हा

गेल्या मंगळवारी सकाळपासून पाऊस लागून होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं, त्यामुळे आमच्या ब्रिज क्लबच्या हॉलमध्ये येणारा प्रत्येक जण छत्री झटकत आधी एकच विचारत होता, "दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागलंय?" नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या या मूर्तीवरून पूर मोजतात. कुणी गुडघे सांगितले, कुणी कंबर. तशा पावसातही सात टेबलं भरली याचं मला अप्रूप वाटलं. चहा झाला, बोर्ड (पानं भरलेले ट्रे; तीच पानं प्रत्येक टेबलावर खेळतात आणि शेवटी गुणांची तुलना होते) वाटले गेले आणि नाना माझ्यासमोर उत्तरेला बसले. नाना शहात्तर वर्षांचे. ओझरच्या विमान कारखान्यात उभं आयुष्य गेलं त्यांचं. मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून ते मला अजून 'बाई'च म्हणतात. नऊ वर्षं आम्ही जोडीनं खेळतोय.

लिहायचं आहे ते अकरा नंबरच्या बोर्डाबद्दल. अकरा नंबर म्हणजे डीलर दक्षिण, म्हणजे पहिली बोली दक्षिणेची; व्हल्नरेबल कुणीच नाही, म्हणजे बुडालं तर दंड कमी. दक्षिणेला मी. हातात इस्पिक एक्का, राजा, गुलाम, नव्वी, सत्ती, तिर्री; बदामाची एकटी पंजी; चौकट राजा, राणी, अठ्ठी; किलवर दश्शी, छक्की, चव्वी. तेरा पॉइंट (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक) आणि सहा इस्पिक. मी एक इस्पिक सांगितलं, म्हणजे इस्पिक हुकूम धरून सहाच्या वर एक, असे सात हात करायची बोली. माझ्या डाव्या हाताला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक मुलगा होता, वर्षभरापासून येतोय. त्यानं लाल स्टॉप कार्ड टेबलावर ठेवलं आणि सरळ चार बदाम सांगितले, म्हणजे दहा हात.

उडी मारून बोली आली की पुढच्यानं दहा सेकंद थांबायचं असतं, हातात काही असो वा नसो. म्हणजे पहिली दहा सेकंद कुणालाच काही कळत नाही. नियम केलाय तोच त्यासाठी. पण नानांची दहा सेकंद संपली, मुलानं स्टॉप कार्ड उचललं, तरी नाना थांबलेलेच. त्यांनी चष्मा वर सरकवला. पानं मिटली, पुन्हा उघडली. उजवा हात बिडिंग बॉक्सकडे, म्हणजे कार्डांच्या डब्याकडे गेला आणि मागच्या बाजूला, जिथे बोलीची कार्डं असतात तिथे, अंगठा टेकला. मग तो हात हळूच पुढे आला आणि हिरवं पासचं कार्ड बाहेर पडलं. अर्धा मिनिट तरी गेला असेल. पूर्वेनं पटकन पास दिला. आता पाळी माझी.

त्या क्षणी मला काय माहीत होतं ते नीट सांगते. नानांकडे काहीतरी आहे हे मला कळलं होतं. रिकामा हात असता तर दहा सेकंद होताच पास आला असता. ते डबलचा (समोरच्यांच्या बोलीचे गुण आणि दंड वाढवणारं कार्ड) विचार करत असतील किंवा चार इस्पिकांचा. दोन्हीचा अर्थ एकच, की मी चार इस्पिक सांगितले तर माझ्या हाताला खाली आधार आहे. पण हे मला त्यांच्या पासनं सांगितलेलं नव्हतं, त्यांच्या अंगठ्यानं सांगितलं होतं. पास हे बोलीतलं कार्ड, त्यावरून मी हवा तो अंदाज बांधावा. अंगठ्यावरून बांधायचा नाही.

नियम काय म्हणतो तेही सांगायला हवं, कारण आमच्याकडे त्याचा अर्धवटच अर्थ फिरतो. डुप्लिकेट ब्रिजच्या 2017 च्या नियमावलीत 16 आणि 73 हे दोन नियम याविषयी आहेत. विचार करणं हा गुन्हा नाही. नाना थांबले यात त्यांनी चूक केली नाही, ब्रिज डोक्यानं खेळायचा असतो आणि डोकं वेळ घेतं. बंधन पडतं ते भिडूवर, म्हणजे माझ्यावर. माझ्या तोडीच्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी जिचा गंभीरपणे विचार केला असता आणि काहींनी निवडलीही असती, अशी दुसरी बोली उपलब्ध असेल, तर भिडूच्या थांबण्यानं सुचवलेली बोली मला घेता येत नाही. समोरच्यांना मात्र नानांच्या विचारावरून स्वतःच्या जबाबदारीवर हवा तो तर्क करायची मोकळीक आहे. नवीन मंडळींना हे विचित्र वाटतं. मला ते फार न्याय्य वाटतं.

आणि उलट बाजूही आहे. भिडू थांबला म्हणून तोंड शिवून बसावं असं मुळीच नाही. माझ्याकडे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शीसह आठ इस्पिक असते, तर मी डोळे मिटून चार इस्पिक सांगितले असते आणि डायरेक्टर, म्हणजे पंच, आले तरी मान ताठ ठेवली असती. कारण त्या हातावर पास देणारा कुणी सापडलाच नसता. प्रश्न येतो तो सहा इस्पिक, तेरा पॉइंट अशा मधल्या हातावर. इथे अर्धे लोक पास देतील, अर्धे बोलतील.

माझा खरा झगडा असतो तो इथे. मनात लगेच एक वाक्य उमटतं: "नाना थांबले नसते तरी मी चार इस्पिकच सांगितले असते." हे वाक्य मी आयुष्यात शेकडो टेबलांवर ऐकलंय आणि स्वतःही म्हटलंय. म्हणणारा खोटं बोलत नसतो. पण ते खरं आहे की नाही हे त्याला कळूच शकत नाही. अंगठा पाहिल्यावर, न पाहिलेलं मन परत आणता येत नाही. पेपर तपासताना उत्तराची किल्ली एकदा पाहिली की विद्यार्थ्याचं चुकलेलं गणित आपल्याला 'सहज सुटणारं' वाटायला लागतं, तसंच हे.

मला हे समजायला एक कडू प्रसंग यावा लागला. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या गावच्या स्पर्धेत, दुसऱ्या भिडूबरोबर. जवळपास असाच हात, भिडूचा असाच लांब पास, आणि मी बोलले. बोलीएवढे हात झाले आणि गेम, म्हणजे मोठा बोनस, पदरात पडला. समोरच्या बाईंनी शांतपणे डायरेक्टरांना बोलावलं. मला ते थेट माझ्या प्रामाणिकपणावर आल्यासारखं वाटलं. कान गरम झाले. डायरेक्टरांनी माझी पानं एका कागदावर उतरवून घेतली आणि बाजूच्या टेबलांवरच्या चार खेळाडूंना दाखवली. थांबण्याबद्दल त्यांना एक शब्दही सांगितला नाही. फक्त बोली आणि पानं. तिघांनी पास सांगितला. माझा गेम रद्द होऊन समोरच्यांचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे त्यांची बोली, कायम झालं. त्या बाईंशी मी दिवसभर बोलले नाही, याची मला आजही लाज वाटते. त्यांनी मला लबाड म्हटलंच नव्हतं. डायरेक्टरांनीही नाही. त्यांनी फक्त, ज्यांनी अंगठा पाहिला नव्हता अशा चार माणसांना विचारलं होतं. त्याहून चांगली पद्धत मला आजपर्यंत सुचलेली नाही.

तेव्हापासून मी टेबलावर बसल्या बसल्या तेच करून पाहते. ओळखीची चार माणसं डोळ्यांसमोर आणायची, त्यांच्या हातात माझी पानं द्यायची आणि विचारायचं, चार बदामांवर काय कराल? मंगळवारी मी चौघांना विचारलं. त्यातल्या दोघांनी पास दिला असता, मला त्यांची तोंडं दिसली अगदी. मी पास दिला.

चार बदाम एक हातानं बुडाले, दहाऐवजी नऊच हात झाले. आम्हाला पन्नास गुण. नानांनी पानं उघडून दाखवली: इस्पिक राणी-चव्वी, चौकट एक्का, गुलाम आणि दोन छोटी, किलवर राजा. सहा इस्पिक आणि चार चौकट, चार इस्पिकांना लागणारे दहाच्या दहा हात समोर मांडलेले. बोलून केले असते तर चारशेवीस गुणांचा बोर्ड. बाकीच्या सहापैकी चार टेबलांवर चारशेवीस लिहिले गेले होते. तिथे पश्चिमेनं तीनच बदाम सांगितले होते, त्यामुळे उत्तरेला तीन इस्पिक बोलून सोपं गेलं. एका टेबलावर डबल होऊन शंभर मिळाले, एका ठिकाणी आमच्यासारखे पन्नास. तुलनेत प्रत्येक टेबलाला हरवल्याचे दोन, बरोबरीचा एक; बारापैकी आम्हाला एक गुण.

मुलगा पानं बोर्डात भरता भरता म्हणाला, "काकू, तुम्हाला चार इस्पिक नव्हतं सांगायचं?"

"सांगायचं होतं रे."

"मग?"

"नाना थांबले होते ना."

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. "पण मी डायरेक्टरना बोलावलं नसतं," तो म्हणाला. खरंच नसतं बोलावलं त्यानं. गुणी पोरगा आहे. मी त्याला म्हटलं, की मग तुझा तोटा तुला न कळताच झाला असता आणि तो मी केला असता. त्यावर तो काही बोलला नाही, पण पुढच्या बोर्डाला स्वतः दहा सेकंद मोजून थांबला हे मी पाहिलं.

2018 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा 'पत्ते कुटायला चालल्या' म्हणणारे आमच्या कॉलनीतले लोक पहिल्यांदा थांबून चौकशी करायला लागले. मोठ्या स्पर्धांत टेबलावर तिरका पडदा असतो, भिडू एकमेकांना दिसत नाहीत, बोलीची कार्डं ट्रेवरून पडद्याखालून सरकतात. तरीही 2015 मध्ये एक अव्वल जोडी बोर्ड कुठल्या जागी ठेवायचा यावरून खुणा करताना व्हिडिओत सापडली. ते ठरवून केलेलं होतं, त्याला शिक्षा आहे, विषय संपला. आमच्या हॉलमधला अंगठा कुणी ठरवून टेकवत नाही. म्हणूनच मला त्याच्याबद्दल इतकं बोलावंसं वाटतं.

रात्री साडेनऊला नानांचा फोन. "बाई, माझ्यामुळे गेला बोर्ड."

"नाना, तुम्ही विचार केलात. त्यासाठीच येतो ना आपण?"

"तसं नाही. मला ठरवताच येईना. डबल मारलं तर तुम्ही शिक्षेचं समजाल असं वाटलं, इस्पिक सांगायला दोनच पानं. त्यात अडकलो."

शिक्षेचं डबल म्हणजे समोरच्यांना बुडवून जास्त गुण घ्यायचे आणि मी पास द्यायचा. ही खरी गोष्ट होती. नऊ वर्षांत आम्ही हे ठरवलंच नव्हतं, की आपल्या एक इस्पिकावर समोरून चार बदाम आले तर डबलचा अर्थ काय. मग फोनवरच ठरवलं: तिथलं डबल म्हणजे पॉइंट आहेत, बदामांत खास काही नाही, पुढचं तुम्ही बघा. हे आधी ठरलं असतं तर मंगळवारी नानांनी दहा सेकंदांत लाल कार्ड टाकलं असतं आणि मी अंगठ्याकडे न बघता चार इस्पिक सांगितले असते.

"कार्डावर लिहून आणा," नाना म्हणाले. "समोरच्यांनाही दिसलं पाहिजे." मी लिहिलंय. शनिवारी नवीन कन्व्हेन्शन कार्डाच्या, म्हणजे आमच्या बोलींचे अर्थ लिहिलेल्या कार्डाच्या, दोन प्रती घेऊन जाते आहे, निळ्या शाईत, नानांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.