चौदा ताटल्या आणि एक पातेलं

भाचीचं केळवण आमच्याकडे करायचं ठरलं तेव्हा गोड काय करायचं यावर चर्चाच झाली नाही. मे महिना, पुण्याचा उकाडा, म्हणजे श्रीखंड. जोडीला चिरोटे, ते आधी करून डब्यात भरून ठेवता येतात म्हणून. प्रश्न वाढण्याचा आला. भाची म्हणाली, "मावशी, गोडाची प्लेट जरा छान दिसू दे हं. त्यांच्याकडचे सगळे आधी फोटो काढतात, मग जेवतात." मी हो म्हणून बसले. आजवर माझी सजावट म्हणजे श्रीखंड वाटीत घालायचं, वर बदामाचे काप टाकायचे, संपलं.

आठ दिवस आधी रंगीत तालीम घेतली. बोहरी आळीतून केकवाले वापरतात तशी क्रीमची पिशवी आणि चांदणीच्या आकाराचं नोझल आणलं. उंच ग्लासात श्रीखंडाची वळणदार शेंडी काढायची असा बेत. पहिल्याच ग्लासाला नोझलमध्ये चारोळी अडकली. मी जोर लावला आणि श्रीखंड पुढून यायच्या ऐवजी मागून, मनगटावरून कोपरापर्यंत आलं. चारोळी वगळून पुन्हा भरलं, तेव्हा मात्र शेंडी सुरेख आली. ग्लास टेबलावर ठेवून मोबाईल शोधायला गेले, येईपर्यंत शेंडी बसलेली. वर टाकलेली गुलाबाची पाकळी अर्धी बुडाली होती.

सासूबाईंनी चमच्याने थोडं घेऊन पाहिलं. "चव छान आहे गं. पण हे गुलाबाचं खायचं, की काढून ठेवायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुलवाल्याकडच्या गुलाबांवर काय फवारलेलं असतं कोण जाणे, ते खा म्हणून कुणाला सांगणार? तेव्हाच ठरवलं, जे खाता येत नाही ते गोडावर ठेवायचं नाही. केळीचं पान तेवढं चालेल. ते काही सजावट नाही, ते आपलं पूर्वापार ताटच आहे.

शेंडी बसण्याचा दोष उकाड्याला देऊन मोकळी होणार होते, पण खरी चूक चक्क्यात होती. दही सहाच तास बांधलेलं, त्यात चक्क्याच्या बरोबरीने साखर. साखर चक्क्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून विरघळते, म्हणून साखर घातली की श्रीखंड सैल होतंच. वाटीत ते कळत नाही, वाटीला भिंती असतात. ताटलीत मांडायचं तर ते स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं.

दुसऱ्या खेपेला दोन लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावलं. आधी तीन तास नळाला टांगलं, मग गाठोडं चाळणीत ठेवून, खाली पातेलं, वर वरवंटा, असं रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी 820 ग्रॅम चक्का निघाला आणि गाठोडं सोडल्यावर त्यावर पंच्याचे धागे उमटले होते. साखर 600 ग्रॅमच घातली, पुरणयंत्रातून काढलं, वेलदोडा-जायफळ घातलं आणि पुन्हा चार तास फ्रिजमध्ये. केशर मात्र सगळं मिसळलं नाही. चमचाभर कोमट दुधात भिजवलेलं थोडं बाजूला ठेवलं.

आता आकार. पिशवी माळ्यावर गेली होती. मी मूद पाडून पाहिली, भाताची पाडतो तशी. श्रीखंड वाटीला धरून बसलं आणि निघालं ते तुटून. शेवटी जमलं ते दोन चमच्यांनी. दोन सारखे, टोकाला निमुळते चमचे गरम पाण्यात बुडवायचे, झटकायचे. एका चमच्यात श्रीखंड घ्यायचं, दुसरा चमचा त्याच्या कडेने आत घालून ते स्वतःकडे ओढून घ्यायचं, मग पुन्हा पहिल्यात. तीनदा असं केलं की लांबट, गुळगुळीत, तीन कडांचा गोळा होतो, थेट उकडलेल्या अंड्यासारखा (ही उपमा सासूबाईंसमोर दिली नाही). पहिले पाच गोळे ओबडधोबड झाले. सहाव्याला हात बसला. पाणी गार झालं की श्रीखंड चमच्याला चिकटतं, आणि चमचा झटकला नाही तर गोळ्यावर पाण्याचा ओघळ येतो. एवढीच काय ती मेख.

ताटल्यांचीही गंमत झाली. घरातल्या चांगल्या ताटल्या म्हणजे निळ्या फुलांच्या, त्यात श्रीखंड हरवलं. पांढऱ्यात तर दिसेचना. मग पांढऱ्या ताटलीत केळीच्या पानाची गोल चकती घातली. पान गॅसच्या आचेवरून हलकं फिरवलं की मऊ पडतं, फाटत नाही. मधला दांडा सोडायचा आणि डब्याचं झाकण ठेवून कात्रीने गोल कापायचं. चकती पुसून अगदी कोरडी हवी, नाहीतर गोळा घसरत जाऊन कडेला बसतो.

पिस्ते मी नेहमी तसेच कापायचे, त्यामुळे ते मातकट दिसायचे. या वेळी मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकले, फडक्यात चोळून साल काढलं, तर आतून हिरवेगार! कागदावर वाळवून उभे काप केले. यात वेळ फार जातो, पण सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट ठेवायची म्हटलं तर मी हीच ठेवीन.

केळवणाच्या दिवशी पानं उठायच्या आधी दहा मिनिटं आम्ही तिघी स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. ताटल्या फ्रिजमधून गार करून काढलेल्या. मी गोळे पाडत होते. बहीण प्रत्येक गोळ्यावर केशराच्या दुधाचा एकच थेंब आणि पिस्त्याचे तीन-चार काप ठेवत होती. हा थेंबही अगदी शेवटी द्यायचा, आधी दिला तर पसरून गोळा डागाळलेला दिसतो. जाऊबाई चहाच्या गाळणीतून चिरोट्यावर पिठीसाखर भुरभुरवून तो गोळ्याला टेकवत होत्या. तालमीत मी गरम चिरोट्यावर साखर घातली होती, ती विरघळून गेली होती. गार चिरोट्यावर ती पदरापदरात पांढरी बसते. चिरोटा श्रीखंडाला जेमतेम टेकला पाहिजे, खाली घातला की पाच मिनिटांत मऊ. ताटलीची कड ओल्या फडक्याने पुसून एकेक बाहेर. चौदा ताटल्या, आठ-नऊ मिनिटं.

बाहेर "अय्या, किती छान!" झालं, भाचीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. फोटो झाले, नवऱ्यामुलाचाही चिरोट्यासकट झाला. मग एक विचित्र शांतता पसरली. दोन चमच्यांत गोळा संपला होता आणि कुणी काही मागेना. वाटीत वाढलं असतं तर मी भांडं घेऊन फिरले असते, नाही-नाही म्हणणाऱ्याच्या वाटीत डाव उलटा केला असता. इथे ताटली इतकी पुरी दिसत होती की वाढणाऱ्यालाही संकोच आणि मागणाऱ्यालाही. नवऱ्यामुलाचे काका रिकाम्या हिरव्या चकतीकडे बघत चमचा चाटत होते.

सासूबाईच उठल्या. फ्रिजमधून उरलेल्या श्रीखंडाचं पातेलं काढलं, डाव घेतला आणि थेट काकांसमोर उभ्या राहिल्या.

"ते फोटोपुरतं होतं. आता ताटली पुढे करा बघू."

काकांनी केली. डावभर श्रीखंड पानाच्या चकतीवर धप्पकन पडलं. "पुऱ्या उरल्यात का हो?" त्यांनी विचारलं, आणि मी तेल तापत ठेवायला आत पळाले.