मायग्रेनचं ऑपरेशन आणि फॉर्मवरचा एक शब्द

ऑपरेशन एका सकाळी उरकलं. आरोग्य विम्याच्या कॅशलेस मंजुरीला मात्र सात आठवडे गेले, तेही फॉर्मवरच्या एका शब्दापायी. म्हणून आधीचे टप्पे भराभर सांगते.

महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले किमान 8 दिवस मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चाललेलं असलं की त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट ही झटके टाळायची औषधं घेऊन झाली. बोटॉक्सही झालं: 31 ठिकाणी मिळून 155 युनिट, दर 12 आठवड्यांनी. कपाळ बरंच शांत झालं, पण मानेच्या वर उजवीकडे उठणारी कळ हटेना.

कळ उठते कुठून, त्यावर ऑपरेशन ठरतं. भुवयांमध्ये उठत असेल तर तिथला आठी पाडणारा स्नायू काढतात, कानशिलात असेल तर तिथली छोटी नस (नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) सोडवतात किंवा कापतात, काहींचा नाकाचा पडदा सरळ करतात. मागे उठत असेल तर ग्रेटर ऑक्सिपिटल नस मोकळी करतात. क्लीव्हलंडचे प्लास्टिक सर्जन बाहमन गायुरॉन यांच्याकडे कपाळाच्या सुरकुत्या घालवायला आलेल्या काही पेशंटांचं मायग्रेनही कमी झालं, आणि 2000 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यामुळे हे काम प्लास्टिक सर्जनकडे आलं. माझी फाइल अडकली तीही त्यामुळेच.

हॉस्पिटलमध्ये विम्याचे कागद बघणाऱ्या टीपीए डेस्कने आगाऊ मंजुरीच्या (प्री-ऑथ) फॉर्मवर विभाग लिहिला ‘प्लास्टिक सर्जरी’ आणि निदान लिहिलं ‘डोकेदुखी’. उत्तर आलं: नामंजूर, एक्सक्लुजन (विम्यात न बसणाऱ्या खर्चांचा) कोड 08, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी. डोक्याच्या मागच्या केसांत कोणाचं सौंदर्य वाढणार होतं, कोण जाणे! डेस्कवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, रिइम्बर्समेंट टाका नंतर.” हे ऐकू नका. त्याच कलमावर रिइम्बर्समेंटही नाकारू शकतात, आणि तोवर तुमचे पैसे गेलेले असतात.

पॉलिसी उघडून कोड 08 शेवटपर्यंत वाचा. अपघात, भाजणं, कॅन्सर यांच्यानंतर अपवादात आणखी एक ओळ आहे: तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करायला आवश्यक असलेले उपचार, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं प्रमाणित करायला हवं. मी त्या ओळीखाली पेनने रेघ मारली आणि सर्जनकडून नवं पत्र घेतलं. त्यात निदान ‘औषधांना दाद न देणारं क्रॉनिक मायग्रेन, उजवी ऑक्सिपिटल नस दबलेली’. प्रक्रिया ‘नर्व्ह डीकम्प्रेशन’. आणि प्रत्येक औषध किती मिलिग्रॅम, किती महिने, का थांबवलं.

मग क्वेरी सुरू झाल्या. एमआरआय पाठवा. पाठवला. पहिल्या त्रासाची तारीख कळवा. कळवली. परत एमआरआय पाठवा! विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा आहे, पण प्रत्येक क्वेरीबरोबर माझा तास नव्याने सुरू होत होता. त्यामुळे सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये, पानांना क्रमांक घालून पाठवा आणि पोच ईमेलवरच घ्या. पहिल्या त्रासाची तारीख सगळ्या कागदांवर एकच हवी. एका जुन्या केसपेपरवर ‘लहानपणापासून’ असं कोणी खरडलं असेल तर पॉलिसी घेण्याआधीच्या आजाराचा मुद्दा उठतो.

दुसरा नकार कोड 16 खाली: सिद्ध न झालेले उपचार. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. अमेरिकन हेडेक सोसायटीने 2013 मध्ये ही ऑपरेशनं चाचणीबाहेर करू नयेत असंच म्हटलं होतं, आणि माझ्या न्यूरॉलॉजिस्टनी ते मला आधीच सांगितलं होतं. उलट बाजूला 2009 ची चाचणी आहे, ज्यात काही जणांवर नुसतं लुटुपुटीचं ऑपरेशन करून तुलना केली होती. ती जोडली. पण फाइल हलली ती ब्लॉकच्या, म्हणजे नस बधिर करून बघायच्या इंजेक्शनच्या, कागदाने, असं मला वाटतं.

ब्लॉकचं सांगायचं राहिलंच. डोक्यामागे मधोमध हाताला लागणाऱ्या उंचवट्यापासून कानामागच्या हाडापर्यंत रेघ धरली, तर उंचवट्याकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर ती नस असते. तिथे लिग्नोकेन टोचतात. वीस मिनिटांत टाळूचा तो भाग बधिर झाला आणि कळ दहापैकी 8 वरून 2 वर आली. हे आकडे वेळेसकट केसपेपरवर लिहून डॉक्टरांची सही घ्या. ब्लॉकने बरं वाटलं म्हणजे ऑपरेशनने वाटेलच असं नाही, पण ते लागू पडण्याची शक्यता त्यावरून तोलता येते.

कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र टाकलं. तिथून नकार आला किंवा 30 दिवसांत उत्तरच आलं नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, आणि पुण्याचं कार्यालय नारायण पेठेतच. अर्ज भरून ठेवला होता. विसाव्या दिवशी मंजुरी आली.

एक आधीच सांगायला हवं होतं: डोकेदुखीच्या डायरीत गोळ्यांचे दिवसही लिहा. ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) महिन्यात 10 दिवस किंवा साधी पेनकिलर 15 दिवस झाली, की गोळ्यांमुळेच डोकं दुखू शकतं. ते आधी सोडवल्याशिवाय चांगला सर्जन सुरी उचलत नाही.

ऑपरेशनमध्ये नसेभोवतीचा स्नायूचा तुकडा काढून मध्ये चरबीची गादी ठेवली. टाळू काही महिने बधिर राहते, मग मुंग्या आणि खाज. कंगवा जपून फिरवायचा. मागची कळ बरीच कमी झाली, कपाळाचं बोटॉक्स चालूच आहे.

मंजुरीपत्रावर विभाग मात्र तोच छापून आला: प्लास्टिक सर्जरी.