‘च’ काढून बघितला

आमच्या शेडमधले आठ माग 2022 च्या दिवाळीनंतर भंगारात गेले. किलोच्या भावाने. गॅस कटर घेऊन दोन पोरं आली, घण घालून बिडाच्या बाजू फोडल्या, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी उभी केलेली शेड रिकामी झाली. फरशीवर तेलाचे आठ काळे डाग तेवढे राहिले. त्या रात्री जेवून आडवा झालो आणि उजव्या कानात आवाज सुरू झाला. बारीक, एकसुरी, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुटते तसा. बायकोला म्हटलं, "टाकीचा नळ चालू राहिलाय काय बघ की." ती उठून बघून आली. "सगळं बंद हाय. झोपा आता."

तो आवाज अजून आहे. हे लिहितानाही आहे.

मी इचलकरंजीचा. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून हे गाव खटखट ऐकत वाढलं. आमच्या घराची आणि शेडची भिंत एकच. दहावीच्या सुट्टीत मी कांड्या भरायला बसलो, मग मागावर उभा राहिलो, पुढे जॉबरच्या, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या, हाताखाली शिकलो आणि वडिलांच्या माघारी मालक झालो. सगळी मिळून पस्तीसएक वर्षं. धोट्याचे, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे आपटत जाणाऱ्या धोट्यावर चालणारे, माग चालू असले की शेडमध्ये कुणी बोलत नाही. सूत तुटलं, बीम संपत आला, चहा आला, प्रत्येकाची खूण ठरलेली असते. अगदीच अडलं तर कानाला तोंड लावून ओरडायचं.

डॉक्टरांनी कान तपासायला कोल्हापूरला पाठवलं. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. नंतर कागद हातात दिला. रेघ बऱ्यापैकी सरळ चालत आली होती आणि 4000 हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "काम काय करता?" माग म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलेल्या कानाची रेघ अशीच खाली येते म्हणाल्या. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या पंधराएक हजार केसपेशी असतात, माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. तिथून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपला रेडिओ मोठा करतो, आणि त्याचीच ही खरखर, असं बऱ्याच तज्ज्ञांचं मत आहे. म्हणजे आवाज बहुतेक आधीपासूनच होता, मागांनी तो झाकून ठेवला होता.

"औषध?"

"खात्रीचं असं नाही. हळूहळू सवय होते."

हे वाक्य ऐकून मी त्यांच्यावर इतका चिडलो की धन्यवादही न म्हणता बाहेर पडलो. पुढचे सहा महिने वाईट गेले. आणखी दोन डॉक्टर केले, एक वैद्य केला, कुणी सांगितलं म्हणून कानात तेल घातलं. रात्री दोन-दोन वाजता गच्चीवर फेऱ्या मारायचो, कारण रस्त्यापलीकडच्या शेडचे माग तिथून ऐकू येत आणि कानातला आवाज त्यात बुडून जाई. माझेच विकलेले माग मला झोपायला हवे होते. जेवताना ताट सरकवून उठायचो. मुलाशी बोलणं जवळजवळ थांबलं. माग त्यानेच विकायला लावले, असं माझ्या मनाने धरलं होतं. सुताचे भाव, विजेचं बिल, शेजारी आलेले ऑटोलूम म्हणजे स्वयंचलित माग, यातलं काहीच त्याच्या हातात नव्हतं. 52 पिकाच्या, म्हणजे इंचाला 52 आडवे धागे असलेल्या कापडाच्या, मजुरीचा हिशेब कागदावर त्याने मांडून दाखवला होता आणि तो बरोबर होता, हे मलाही कळत होतं.

आपटे वाचन मंदिरात पेपर वाचायला जायचो. तिथे विवेकनिष्ठ मानसोपचारावरचं एक मराठी पुस्तक हाताला लागलं. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 साली मांडलेली ही पद्धत, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती रुजवली आणि मराठीत आणली. त्यातलं मुख्य म्हणणं साधं आहे. घटना घडते आणि आपण अस्वस्थ होतो, पण या दोन्हींच्या मधे आपला एक विचार असतो, आणि तो विचार बहुतेक वेळा हट्ट असतो. इच्छा असायला हरकत नाही. इच्छेचा हट्ट झाला की माणूस बिनसतो.

सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोखाली ‘सकारात्मक राहा’ म्हणून येतं, त्याने मला कधी काही झालं नाही. हे वेगळं वाटलं, कारण यात कुणी आवाज छान आहे असं समजायला सांगत नव्हतं. घरी येऊन शेडच्या जुन्या हिशेबाच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर डोक्यात चालतं ते जसंच्या तसं लिहून काढलं. हा आवाज थांबलाच पाहिजे. मला पहिल्यासारखी झोप लागलीच पाहिजे. वडिलांचे माग चालूच राहायला हवे होते. मुलाने माझ्यासारखंच करायला हवं होतं.

लिहून झाल्यावर माझं लक्ष एका अक्षरावर गेलं. प्रत्येक ओळीत ‘च’. लाल पेनाने सगळ्या ‘च’ना गोल केले आणि त्याच ओळी ‘च’ काढून खाली परत लिहिल्या. हा आवाज थांबला तर फार बरं होईल. नाही थांबला तर त्रास होईल, आणि त्रासासकट मला जेवता येईल, बाजारात जाता येईल, मुलाशी बोलता येईल.

एका रात्रीत काही झालं नाही, हे मुद्दाम लिहितो. दोन महिने नुसती वही भरत होती. पण गच्चीवरच्या फेऱ्या कमी झाल्या. उशाशी पंखा चालू ठेवून झोपायला लागलो. एके दिवशी दुपारी लक्षात आलं की सकाळपासून आवाजाची आठवणच झाली नव्हती. आठवण झाल्याबरोबर तो परत आला, पण आधीचे चार-पाच तास माझे होते.

मला सगळ्यात जड गेलं ते पुढे आहे. स्वीकार स्वीकार म्हणून मी आयुष्यभर जे करत आलो, तो स्वीकार नव्हताच. आमच्याकडे एक कामगार कानात सुताचे बोळे घालून यायचा. वडील त्याला म्हणाले होते, "कान बंद केलास तर माग काय म्हणतोय ते कळणार कसं?" त्यात तथ्य होतं. चांगला विणकर मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखतो. पण कारखान्यात आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा 90 डेसिबल आहे आणि धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये त्याहून जास्तच असतो, हे आम्ही कधी विचारलं नाही. "सवय होते," एवढं म्हणून आम्ही सोडून दिलं. जे बदलता आलं असतं त्याला आम्ही नशीब म्हटलं, आणि जे बदलत नाही त्याच्याशी मी सहा महिने भांडलो. आमच्या शेडमध्ये काम केलेल्या माणसांपैकी तिघांना मी कोल्हापूरला तपासणीला नेलं. तिघांचीही रेघ विहिरीतच जाते.

श्रवणयंत्रासाठी मात्र माझं मन तयार होत नव्हतं. वहीत लिहिलं तेव्हा दिसलं, तिथेही ‘च’ होता: लोकांना मी धडधाकटच दिसलो पाहिजे. शेवटी एका सूत व्यापाऱ्याने फोनवर ‘साठ’ म्हटलेलं मी ‘आठ’ ऐकलं आणि जुन्या येणे-बाकीच्या हिशेबात गोंधळ झाला. स, श, फ असली अक्षरं कापली जातात, ती त्याच वरच्या पट्टीत असतात. दुसऱ्या आठवड्यात यंत्र घेतलं. घरी आलो, बायको चपात्या लाटत होती, पोळपाटाच्या तालावर किणकिण ऐकू यायला लागली. म्हटलं, नवीन बांगड्या घेतल्यास काय. ती म्हणाली, "काय वो, लग्नातल्या हायत." यंत्र घातलं की कानातला आवाजही मागे सरकतो.

आता पलीकडच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी चक्कर असते. फोमचे बोळे खिशात ठेवतो. परवा तिथल्या नव्या पोराला दिले. एकोणीस वर्षांचा असेल. त्याने घातले आणि लगेच काढले. "मालक, माग ऐकू येईना की यानं." मी त्याला बोळा चिमटीत वळून बारीक करायला लावला, दुसऱ्या हाताने कान वर ओढायला लावला, आणि आत फुलेपर्यंत बोटाने धरून ठेव म्हणून खूण केली. मग त्याचा तळवा घेऊन मागाच्या बाजूवर टेकवला. धोटा जात-येत होता तसा ठोका बिडातून हाताला लागत होता. जरा वेळाने मी सूत तोडून टाकलं. माग थांबायच्या आत त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघून तुटल्याची खूण केली.