भाच्याचा पीसी: गोखले रोड, वाशी आणि दारात आलेली खोकी

भाचा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याला लॅपटॉप नको होता. पीसी हवा होता, तोही स्वतः जोडलेला. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे ठरलं असं की पार्ट कोणते घ्यायचे ते तो बघणार आणि भाव नि बिल मावशी बघणार. ही वाटणी पहिल्याच दुकानात मोडली.

ऑनलाइनच सगळं का नाही मागवलं, तर त्यामागे गेल्या वर्षीचा एक मदरबोर्ड आहे, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड. एका मोठ्या साइटवरून घरच्यासाठी मागवला होता. खोकं आलं तेव्हा सील कापून पुन्हा चिकटवलेलं होतं आणि सॉकेटवरचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवरचं, काळं प्लास्टिकचं झाकण जागेवर नव्हतं. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीच्या या एएम५ सॉकेटमध्ये १७१८ पिना असतात, त्या प्रोसेसरला नाही तर बोर्डालाच, आणि केसासारख्या बारीक. एका कोपऱ्यातल्या चार-पाच आडव्या झाल्या होत्या. मी परत पाठवायला गेले तर उत्तर आलं: ग्राहकाकडून नुकसान. खोकं उघडतानाचा व्हिडिओ मी काढला नव्हता. वाकलेल्या पिना वॉरंटीत बसत नाहीत, तेव्हा कंपनीकडे जाऊनही उपयोग नव्हता. पैसे गेले ते गेलेच.

म्हणून या वेळी ठरवलं की जे नाजूक आहे आणि एकमेकांत बसायचं आहे, म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम, ते एकाच काउंटरवर डोळ्यांदेखत घ्यायचं. बाकी सामान दारात आलं तरी चालेल.

शुक्रवारी संध्याकाळी ठाण्यातच चौकशी केली. गोखले रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावरचं एक छोटं दुकान. दुकानदाराने बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पटापट कोटेशन लिहून दिलं, आणि बेरीज आमच्या अंदाजापेक्षा साडेतीन हजारांनी कमी! मी खूश. भाचा मात्र कागद नाकाजवळ धरून उभा. आम्ही सांगितला होता एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, कागदावर होता ७५००एफ. शेवटच्या त्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. आम्ही वेगळं ग्राफिक्स कार्ड आत्ता घेणारच नव्हतो, म्हणजे सगळं जोडल्यावर स्क्रीनवर काहीच दिसलं नसतं. “सेमच आहे हो, गेमिंगला तर हाच घेतात,” दुकानदार म्हणाला. खोटं नव्हतं ते, पण आमच्या कामाचंही नव्हतं. कोटेशनमधलं मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, स्वस्ताई बहुतेक वेळा तिथेच असते.

पुढे कॅबिनेटबरोबर पॉवर सप्लाय ‘फ्री’ होता. त्यावर ५०० वॅट छापलेलं, पण ८० प्लसची, म्हणजे वीज वाया न घालवण्याच्या प्रमाणपत्राची, खूण कुठे नाही. आणि शेवटी तो नेहमीचा प्रश्न: “ताई, बिल लागेल का?” लागेल म्हटल्यावर बेरजेत १८ टक्के वाढले. मग आधीचा भाव कसला होता? आम्ही चहाला नाही म्हणून निघालो.

शनिवारी वाशी. ठाण्याला ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गाच्या, गाड्या ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटतात, पण पाटी बघूनच चढा, पनवेल आणि नेरूळकडच्याही तिथूनच जातात. रविवारी जाऊ नका. एक तर मेगाब्लॉक, दुसरं म्हणजे कॉम्प्युटरची बरीच दुकानं रविवारी बंद. अकराच्या आत जाण्यातही अर्थ नाही, तेव्हा शटर अर्ध्यावर असतं आणि मुलगा झाडू मारत असतो. स्टेशनवरून सेक्टर १७ पर्यंत चालत गेलो, उन्हात ते जरा लांबच पडतं.

दोन दुकानांत भाव विचारले, तिसऱ्यात थांबलो. थांबायचं कारण भाव नव्हता. काउंटरवरच्या भाऊंनी विचारलं, “काय करायचंय यावर?” आणि भाच्याने कॅड, कोडिंग, थोडे गेम असं सांगेपर्यंत ते मध्ये बोलले नाहीत. मग एएम५ सॉकेटचाच बी६५० नावाच्या चिपसेटचा बोर्ड काढला. सील आमच्यासमोर ब्लेडने कापलं, सॉकेटचं झाकण उचललं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. सरळ वरून उजेड पाडला तर सगळं चकचकीत दिसतं, तिरका पाडला की पिनांच्या रांगा शेतातल्या सऱ्यांसारख्या दिसतात आणि एखादी वाकडी असेल तर त्या रांगेत खळगा पडतो. त्यांनी बोर्ड चारही बाजूंनी फिरवून दाखवला. “फोटो काढून ठेवा,” म्हणाले, “नंतर तुमची-आमची भांडणं नकोत.” बोर्ड कुठूनही घ्या, ही दोन मिनिटं सोडू नका.

भाच्याच्या मनात मध्येच रायझनच्या ९००० मालिकेतला प्रोसेसर आला. भाऊंनी सांगितलं, हा बोर्ड जुन्या साठ्यातला आहे, त्याला आधी बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागेल, करून देतो, पण तुमच्या कामाला ७६०० पुरे. ७६०० च्या खोक्यात प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर येतो, तो वेगळा घ्यावा लागत नाही. जास्तीचा माल गळ्यात न मारणारा दुकानदार भेटला की मला आधी संशयच येतो, पण इथे आला नाही.

रॅमने मात्र घाम फोडला. २०२५ च्या शेवटी डीडीआर५ चे, म्हणजे या बोर्डाला लागणाऱ्या रॅमचे, भाव जे चढले ते उतरायचं नाव घेत नाहीत. कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर त्या डिसेंबरमध्ये क्रुशियल या नावाने ग्राहकांना विकणंच बंद करण्याचं जाहीर केलं. “सकाळचा भाव संध्याकाळी धरू नका,” भाऊ म्हणाले. व्हॉट्सअॅपवर आदल्या दिवशी आलेला भाव अकराशेने वाढला होता. घासाघीस करून पाहिली, हलले नाहीत. ऑनलाइनही तोच प्रकार होता, तेव्हा दोष देणार कुणाला?

बिल हा माझा प्रांत. जीएसटी क्रमांक बघितला: महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून चालू आहे का ते तिथेच मोबाइलवर तपासता येतं. ९ टक्के सीजीएसटी, ९ टक्के एसजीएसटी. परराज्यातल्या ऑनलाइन विक्रेत्याच्या बिलावर त्याऐवजी १८ टक्के आयजीएसटी दिसेल, त्यात गैर काही नाही. खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि तो खोक्याशी ताडून बघा. हाताने लिहिला तरी चालेल, शिक्का हवा. बिल नसेल तर काही कंपन्या वॉरंटी विक्रीच्या नव्हे, उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. कार्डावर दोन टक्के जास्त मागितले, म्हणून यूपीआय केलं. तिन्ही वस्तू मिळून ऑनलाइनपेक्षा सुमारे बाराशे जास्त गेले. मला ते टोचले, भाच्याला नाही.

कॅबिनेट, पॉवर सप्लाय, एसएसडी आणि कीबोर्ड घरी मागवलं. त्याला साधं कारण आहे: संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये कॅबिनेटचं खोकं घेऊन चढून बघा. एसएसडी घेताना साइटचं नाव बघून समाधान मानू नका. खाली बारीक अक्षरांत विक्रेता कोण ते वाचा. आणि या वेळी व्हिडिओ काढला. आधी पार्सलवरचं लेबल, मग सील, मग सीरियल नंबर, मध्ये कुठेही न थांबवता. बहिणीने मोबाइल धरला होता आणि अर्ध्या व्हिडिओत तिचा अंगठा आहे, पण लेबल दिसतं. तक्रारीची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात जायचं झालं तर २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, विक्रेता कुठेही असो. हे मला गेल्या वर्षी माहीत असतं तर!

रात्री साडेनऊला जोडणी पूर्ण झाली. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. एक मिनिट, दोन मिनिटं. भाच्याचा चेहरा उतरला, बहीण माझ्याकडे बघायला लागली. वाशीच्या भाऊंना फोन लावला. मागे टीव्हीचा आवाज येत होता, जेवत असावेत. “बंद करू नका. पहिल्यांदा रॅमची ओळख करून घेतोय तो. चहा टाका.” चहा उकळेपर्यंत स्क्रीन उजळली. मग त्यांनीच आठवण करून दिली, बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) सुरू करा, नाहीतर ६००० वेगाची रॅम ४८०० वरच चालत राहील.

रिकामी खोकी सध्या बहिणीच्या पलंगाखाली आहेत. ती रोज विचारते, कधी टाकायची? वॉरंटी संपली की, असं मी सांगितलंय. बोर्डाची तीन वर्षांची आहे. रॅमची आजीवन आहे, ते अजून सांगितलेलं नाही.