तळोज्यातल्या वासाचा माग

नवी मुंबईजवळच्या तळोज्यात, कारखान्यांच्या या पट्ट्यात, वास सुटला की सोसायट्यांचं बोट ठरलेल्या कारखान्याकडे जातं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. या वेळची तक्रारही तशीच होती: थिनरसारखा वास, डोळे चुरचुरतात. मी खासगी लॅबमध्ये हवेचं सॅम्पलिंग करतो. व्हीओसी, म्हणजे हवेत सहज उडणारी सेंद्रिय रसायनं, मोजणारं पीआयडी मीटर घेऊन निघालो.

या मीटरच्या 10.6 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दिव्यापुढे जी जी वाफ आयनित, म्हणजे विद्युतभारित, होते, तिचा एकत्र आकडा दिसतो, तोही आयसोब्युटिलीन या एका ठरलेल्या वायूच्या मापात. वाफ कसली, ते त्याला कळत नाही. दमट हवेत तर आकडाही दगा देतो. पण साहेबलोकांना स्क्रीनवर काहीतरी दिसलं की पुरे!

कारखान्याच्या कुंपणाशी मीटर जेमतेम हललं. वारा येत होता त्या बाजूला चालत गेलो, तर आकडा चढत चढत एका लाकडाच्या वखारीपाशी पोचला. पॅकिंगच्या खोक्यांसाठी आणलेले न्यूझीलंडचे पाइनचे ओंडके. बँडसॉखालून ओल्या फळ्या निघत होत्या, बाजूला भुशाचा ढीग. ताज्या कापावर राळेचे थेंब. बोटाला लागले ते साबणानेही निघेनात. वास थेट फरशी पुसायच्या फिनेलचा.

कोळशाच्या नळीत हवा ओढून जीसी-एमएसला, म्हणजे वाफा एकेक वेगळ्या करून ओळखणाऱ्या यंत्राला, दिली. अल्फा-पायनीन, बीटा-पायनीन, थोडं लिमोनिन: सगळी टर्पीन, म्हणजे राळेतली वासाची द्रव्यं.

वखारीचे शेठ म्हणाले, "अहो, झाडाचा वास तो, नॅचरल!" खरंच आहे. पाइनच्या खोडात राळेच्या नलिका असतात. जंगलात झाड पाडलं की त्या उघड्या पडतात आणि बुंध्यातून, फांद्यांच्या ढिगातून हेच टर्पीन हवेत जातं. फिनलंडमध्ये तोडणीनंतरच्या बुंध्यांतून निघणारी वाफ मोजूनही झालीय. डोंगरांवरच्या निळसर धुक्यामागे झाडांच्या वाफा आहेत, हे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी 1960 मध्येच मांडलं होतं. पण त्या जंगलात कळंबोलीची ट्रकांची रांग नसते. इथे तेच पायनीन डिझेलच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडला भेटतं, उन्हात ओझोन वाढवतं, ओझोनशी भिडून बारीक कण बनवतं. नॅचरल म्हणून सोडून द्यायचं, हे मला पटत नाही.

रिपोर्टात तसा शेरा लिहिला. मॅनेजरने खोडला: "एकूण व्हीओसी मागितलंय, तेवढंच दे."

सोसायटीच्या सचिवांना वखारीचं सांगितलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "कंपनीवाल्यांनी किती दिले?"