डॉक्टरांनी लिहिले तेवढेच

सोमवार

दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार ही दोन निदाने केसपेपरवर वेगवेगळ्या ओळींत लिहिलेली असतील आणि एकामुळे दुसरे झाले असे डॉक्टरांनी कुठेही म्हटलेले नसेल, तर कोडिंग करणाऱ्याने, म्हणजे केसपेपरवरचे निदान अमेरिकेतल्या बिलांसाठी ठरलेल्या अक्षर-आकड्यांच्या कोडमध्ये मांडणाऱ्याने, त्यांचा संबंध जोडावा की नाही, या एका प्रश्नावर आजचा जवळजवळ सगळा वर्ग खर्ची पडला. कर्वे रस्त्यावरच्या या वर्गात आम्ही बहुतेक जण होमिओपॅथी, आयुर्वेद, फिजिओथेरपी किंवा फार्मसी शिकून आलेलो आहोत. धनकवडीच्या दवाखान्यात काही वर्षे रुग्ण तपासल्यामुळे मला तर रिपोर्ट पाहताच निदान सुचते आणि ते मनातून बाजूला ठेवणे हाच या शिक्षणाचा सर्वांत कठीण भाग आहे. हिमोग्लोबिन ७ आलेले असले, लोहाच्या गोळ्या लिहून दिलेल्या असल्या, तरी डॉक्टरांनी ‘रक्तक्षय’ असे लिहिले नसेल, तर कोडरने रक्तक्षयाचा कोड लावायचा नाही, हे सर पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत.

आणि आज त्याच सरांनी सांगितले की मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार मात्र जोडायचा. आयसीडी-१०-सीएम या अमेरिकी वर्गीकरणाच्या अनुक्रमणिकेत मधुमेहाखाली ‘सह’ या अर्थाच्या शब्दापुढे जे विकार दिलेले आहेत, त्यांचा मधुमेहाशी संबंध आहे असे नियमानेच गृहीत धरले जाते. म्हणून नुसत्या मधुमेहाचा ई११.९ न लावता मूत्रपिंडाच्या विकारासह मधुमेहाचा ई११.२२ लावायचा आणि विकार कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारा एन१८ गटातला कोड त्याला जोडायचा. उच्च रक्तदाब असेल, तर तिथेही हेच, नुसत्या रक्तदाबाच्या आय१० ऐवजी मूत्रपिंडाच्या विकारासह रक्तदाबाचा आय१२. डॉक्टरांनी स्वतः ‘याचा मधुमेहाशी संबंध नाही’ असे लिहिले, तरच गृहीतक मागे घ्यायचे. मला हा नियम पटायला वेळ लागला. जिथे माझ्या अनुभवाला खात्री वाटते तिथे मी गप्प बसायचे, आणि जिथे एखादा सावध डॉक्टर थांबून विचार करील तिथे पुस्तकाच्या जोरावर संबंध जोडायचा, हे उलटेच वाटते. सरांचे उत्तर असे की, नियम सगळ्यांना सारखा लागतो, अनुभव मात्र प्रत्येकाचा निराळा असतो, आणि एकच चार्ट, म्हणजे रुग्णाचे कागद, दोन कोडरांकडे गेला तर दोघांकडून तोच कोड आला पाहिजे. उत्तर चांगले आहे, पण माझे पूर्ण समाधान झालेले नाही.

बुधवार

पावसाळ्यात पुण्याच्या कुठल्याही दवाखान्यात ‘ताप, डेंग्यूची शंका’ एवढेच लिहिलेले कागद ढिगाने सापडतील, मीही असे कितीतरी लिहिले आहेत. आजच्या सरावातले चार्ट अमेरिकेतले असले, तरी मुद्दा तोच होता. बाह्यरुग्ण विभागात शंका, संभव, ‘नाकारण्यासाठी तपासणी’ अशा शब्दांत लिहिलेल्या निदानाला कोड नसतो. रुग्ण ज्या तक्रारीसाठी आला तिचाच कोड लावायचा, म्हणजे तापाचा आर५०.९. डॉक्टरांनी निःसंदिग्धपणे डेंग्यू लिहिला, तरच ए९०. रुग्णालयात दाखल झालेल्याचे मात्र वेगळे आहे, कारण डिस्चार्जच्या वेळीही निदान ‘संभाव्य’ असेच राहिले, तर ते झालेलेच आहे असे समजून कोड लावतात. त्या रुग्णावर रुग्णालयाने जी साधने खर्च केली ती त्या निदानाच्या संशयापोटीच केली, हा त्यामागचा हिशेब आहे.

या नियमालाही अपवाद आहेत आणि ते मला सर्वांत शहाणपणाचे वाटले. एचआयव्ही, कोविड-१९ आणि झिका यांचा कोड निदान पक्के असल्याशिवाय लावायचाच नाही, मग रुग्ण दाखल असो वा नसो. २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यात झिकाचे रुग्ण निघाले तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या गरोदर बायकांच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली आहे. नुसत्या शंकेवर कुणाच्या कायमच्या नोंदीत ए९२.५ बसावा, ही कल्पनाच नको वाटते. विशेष म्हणजे इथे ‘पक्के’ याचा अर्थ प्रयोगशाळेचा अहवाल हाती असणे असा नाही, डॉक्टरांनी तसे स्पष्ट लिहिलेले पुरते. शेवटी सगळे पुन्हा त्यांच्या शब्दावरच येऊन थांबते.

गुरुवार

आज फार काही झाले नाही. गायीने धडक दिल्यास डब्ल्यू५५.२२एक्सए, कुत्रा चावल्यास डब्ल्यू५४.०एक्सएक्सए. मधले एक्स हे केवळ जागा भरण्यासाठी असतात, कारण सातवे अक्षर सातव्याच जागी यायला हवे. सासरच्या माणसांशी असलेल्या तणावालाही कोड आहे, झेड६३.१. वर्गातल्या बायका बराच वेळ हसत होत्या, आणि मी तो आकडा लगेच जाऊबाईंना पाठवला.

शनिवार

सातव्या अक्षरावरून आज चांगलाच वाद झाला. सोसायटीतल्या एक काकू जिन्यावरून घसरल्या आणि उजव्या मनगटापाशी हाड मोडले असे समजून मी सरावासाठी कोड बांधला: डॉक्टरांनी ‘कोलिस फ्रॅक्चर, उजवे, बंद’ लिहिले असेल, तर एस५२.५३१ए. डावा हात असता, तर शेवटचा आकडा २ झाला असता. बाजू लिहिलेलीच नसती, तर ९ लावावा लागला असता, आणि तो ९ पाहून विमा कंपनीची भुवई उंचावली असती. वाद ‘ए’ या अक्षराचा होता. नावावरून ते ‘पहिल्या भेटी’चे वाटते, म्हणून अर्धा वर्ग असे मानत होता की दुसऱ्यांदा आलेल्या रुग्णाला ‘डी’ लावायचा. प्रत्यक्षात ‘ए’ हे भेटीच्या क्रमांकाशी बांधलेले नाही, ते सक्रिय उपचार चालू असल्याचे चिन्ह आहे. एका डॉक्टरांनी तात्पुरते स्लॅब घालून पाठवले आणि दुसऱ्यांनी शस्त्रक्रिया केली, तर दुसऱ्यांकडेही ‘ए’च लागेल. हाड जुळू लागल्यावर प्लास्टर बदलायला किंवा तपासायला येतात तेव्हा ‘डी’. जुळणी लांबली तर ‘जी’, जुळलेच नाही तर ‘के’, वाकडे जुळले तर ‘पी’. एका हाडाच्या पुढच्या कित्येक महिन्यांची कहाणी एका अक्षरात मावते, याचे मला खरोखर कौतुक वाटते.

रविवार

जेवताना बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, विचारले, “अगं, तिकडच्या लोकांच्या बिलासाठी तुम्ही इथे रात्र-रात्र जागता, आपल्याकडे याचा काही उपयोग आहे का?” मी त्यांना मागच्या वर्षीच्या त्यांच्याच मोतीबिंदूच्या क्लेमची फाइल काढून दाखवली. रुग्णालयाने भरायच्या ‘भाग ब’ मध्ये मुख्य निदानासमोर आयसीडी-१० कोडचा रकाना आहे. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला रकान्याचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. मग त्यांना हेही सांगितले, की या वर्गीकरणाचा जन्म बिलासाठी झालेलाच नाही. १८९३ मध्ये जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहाव्या आवृत्तीपासून ती आपल्याकडे घेतली, आणि तेव्हा आजारांचाही तिच्यात रीतसर समावेश झाला. अमेरिकेने तिला बिलाच्या कामाला जुंपले आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून दहाव्या आवृत्तीवर आधारलेले आयसीडी-१०-सीएम वापरात आणले. जुन्या पद्धतीत निदानाचे सुमारे चौदा हजार कोड होते, नव्या पद्धतीत ते सत्तर हजारांच्या आसपास गेले. दरवर्षी १ ऑक्टोबरला त्यात भर पडते, काही कोड रद्द होतात, आणि पुस्तक नवे घ्यावे लागते. खिशाला हे परवडत नाही, हे मी बाबांना सांगितले नाही.

पैशाचा संबंध आला की मोहही येतोच. अमेरिकेत मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजनांना, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी विमा योजनांना, प्रत्येक सभासदामागे मिळणारी रक्कम त्याच्या नोंदवलेल्या निदानांवरून ठरते, त्यामुळे जितकी गंभीर निदाने चार्टवर, तितके पैसे जास्त. सोमवारचा जो नियम मला खटकला होता, त्याचे दुसरे टोक इथे दिसते. कोडरला स्वतःच्या बुद्धीने निदान वाढवण्याची मुभा दिली, तर ती बुद्धी फार लवकर मालकाच्या नफ्याच्या दिशेने चालू लागेल.

मंगळवार

आज डॉक्टरांना पाठवायच्या ‘क्वेरी’चा सराव होता. चार्टवर ‘युरोसेप्सिस’ एवढाच शब्द होता. हा शब्द दवाखान्यात सर्रास चालतो, पण मूत्रमार्गाचा साधा संसर्ग की संसर्ग रक्तात पसरून झालेला सेप्सिस, हे त्यातून कळत नाही, म्हणून त्याला ठरलेला कोडच नाही. डॉक्टरांना विचारावेच लागते. आणि विचारतानाही उत्तर सुचवायचे नाही. ‘हा सेप्सिस आहे ना?’ असे लिहिणे नियमबाह्य आहे. ताप, नाडी, पांढऱ्या पेशींची संख्या, कल्चरचा निकाल, दिलेले प्रतिजैविक एवढे चार्टमधून उतरवून काढायचे आणि ‘आपल्या वैद्यकीय मतानुसार निदान स्पष्ट करावे’ असे लिहून थांबायचे. माझा मसुदा सरांनी दोनदा परत दिला. दोन्ही वेळा त्यात पुरावा अशा क्रमाने मांडलेला होता की वाचणाऱ्याला दुसरे उत्तर सुचूच नये, आणि सरांच्या मते तेही सुचवणेच. तिसरा मसुदा मी चार्टमधल्या तारखांच्या क्रमाने लिहिला आहे, तो उद्या दाखवायचा आहे. आमच्या कोडिंगच्या परीक्षेत १०० प्रश्न आणि ४ तास असतात, पुस्तके सोबत नेता येतात, पण क्वेरी लिहायला कुणी सांगत नाही. खराडीतल्या एका कंपनीत काम करणारी माझी जुनी वर्गमैत्रीण म्हणते, की तिच्या दिवसाचा बराच वेळ याच पत्रव्यवहारात जातो.